भट्टीत काजळी धरते, तंतू मात्र उगवत नाहीत

भट्टीत कर्बाचे (कार्बनचे) अतिबारीक तंतू उगवण्याबद्दल साताऱ्याच्या एका महाविद्यालयातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ५० मिलिमीटर आतील व्यासाच्या क्वार्ट्झ नळीत, स्टेनलेस स्टीलच्या बोटीवर (होडीच्या आकाराच्या लहान तबकावर) क्वार्ट्झची पट्टी ठेवून, तिच्यावर निकेल नायट्रेटच्या ०.१ मोलर द्रावणाचे १ मिलिलिटर थेंबाथेंबाने सोडून वाळवले. मग नायट्रोजनमध्ये भट्टी ८५० अंश सेल्सिअसवर नेली आणि मिनिटाला ५० मिलिलिटर अ‍ॅसिटिलीन व १५० मिलिलिटर नायट्रोजन असे मिश्रण तासभर सोडले. हाती काळी पूड आली, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात द्राक्षाच्या घडासारखे गोळेच दिसले, तंतू एकही नाही. बोटीच्या कडेला मात्र थोडी काळी लव धरली होती, ती घाण समजून पुसून टाकली. आता उत्प्रेरक, म्हणजे तंतूंची वाढ घडवून आणणारा धातू, म्हणून निकेल सोडून महागडा कोबाल्ट घ्यावा का, आणि असे तंतू मिळालेच तर त्यांचे कापड विणून कॉम्पोझिट (राळेत बसवलेला मजबूत संमिश्र पदार्थ) करता येईल का, असे दोन प्रश्न विचारले आहेत.

पुसून टाकलेली ती लव म्हणजेच तुम्हाला हवे असलेले तंतू असावेत, असे माझे मत आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये लोह आणि निकेल हे दोन्ही धातू भरपूर असतात आणि कापलेल्या किंवा घासलेल्या कडेला त्यांचे बारीक कण मोकळे होण्यास अनुकूल जागा मिळते. तंतू उगवण्यास लागणारे सर्व काही तुमच्या भट्टीत होते, फक्त ते तुम्ही मांडलेल्या जागी नव्हते. त्यामुळे धातू बदलण्यात पैसे घालवू नका. दोष निकेलचा नसून त्याला मिळालेल्या वागणुकीचा आहे.

हे मी पुस्तकाच्या आधाराने म्हणत नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे हीट ट्रीटमेंटचे काम करतो आहे आणि त्याआधी काही वर्षे प्रयोगशाळेत अशाच नळीच्या भट्टीवर काढली आहेत. गिअर आणि शाफ्ट यांचे गॅस कार्ब्युरायझिंग (तापलेल्या वायूतून पोलादाच्या पृष्ठभागात कर्ब मुरवणे) करताना ते ज्या निकेल-क्रोम मिश्रधातूच्या फिक्स्चरवर टांगले जातात, त्याच्या कोपऱ्यांवर काही महिन्यांनी मऊ, काळी लव धरते. आमचे कारागीर तिला ‘जावळ’ म्हणतात आणि भट्टीत हवा सोडून ती जाळून टाकतात. जावळ काढल्यावर त्या जागी बोट फिरवले तर धातूला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडलेले लागतात, कारण कर्बाने भरलेला धातू भुगा होऊन सुटलेला असतो आणि त्या भुग्यातील कणांनीच ती लव उगवलेली असते. कारखान्यात ज्या गोष्टीपायी फिक्स्चर भंगारात जाते, तीच गोष्ट प्रयोगशाळेत मागून मिळत नाही, ही गंमत मला अजूनही वाटते.

शास्त्राच्या इतिहासातही हा विषय आधी उपयोगाचा आणि मग उपद्रवाचा होता. १८८९ साली ह्यूज आणि चेंबर्स यांनी अमेरिकेत एक पेटंट घेतले होते, त्यात लोखंडी मुशीत हायड्रोजन व मिथेन तापवून कर्बाचे तंतू वाढवण्याची रीत दिली होती; तो विजेच्या दिव्यांच्या तारांच्या शोधाचा काळ होता. पुढे तेलशुद्धीकरण आणि खतांचे कारखाने आले आणि निकेलच्या उत्प्रेरकावर उगवणारे हेच तंतू उत्प्रेरकाच्या गोळ्या फोडू लागले, नळ्या तुंबवू लागले. १९५२ साली राडुश्केविच आणि लुक्यानोविच या रशियन संशोधकांनी लोहावर कार्बन मोनॉक्साइडचे विघटन करून मिळालेल्या पोकळ तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रे प्रसिद्ध केली. १९७२ साली इंग्लंडमध्ये बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आतच निकेलच्या कणांवर अ‍ॅसिटिलीन सोडून तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला, आणि आजही आपण जे चित्र डोळ्यांसमोर ठेवून काम करतो ते मुख्यतः त्या पाहणीतून आले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच देऊन टाकतो, कारण ते छोटे आहे. विमानाच्या किंवा मोटारीच्या भागांत वापरला जाणारा कार्बन फायबर पॉलीअ‍ॅक्रिलोनायट्राइलचा अखंड धागा आधी २०० ते ३०० अंशांवर हवेत भाजून आणि मग निष्क्रिय वायूत १००० अंशांच्या वर तापवून तयार करतात. भट्टीत उगवलेले तंतू आखूड, गुंतलेले आणि बहुधा मायक्रोमीटरहून कितीतरी बारीक असतात, त्यांचे कापड विणता येत नाही. त्यांचा उपयोग प्लॅस्टिक, रबर किंवा बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये मिसळून विद्युतवाहकता आणण्यासाठी होतो, आणि जपानमध्ये असे तंतू लिथियम-आयन बॅटऱ्यांसाठी व्यापारी प्रमाणावर तयार होतात. तुमच्या प्रबंधाचा उद्देश कापड हा असेल तर विषय बदलावा लागेल. वाहकता हा असेल तर रस्ता योग्य आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बेकर यांच्या चित्रानुसार अ‍ॅसिटिलीनचा रेणू निकेलच्या कणाच्या पुढच्या अंगावर तुटतो, हायड्रोजन निघून जातो, कर्ब धातूत विरघळतो, कणाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे सरकतो आणि मागच्या बाजूला ग्रॅफाइटच्या थरांच्या रूपाने बाहेर पडतो. वाढीचा वेग तापमानानुसार कसा बदलतो हे मोजल्यावर त्यांना जी सक्रियण ऊर्जा (क्रिया घडण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जेची पायरी) मिळाली, ती निकेलमधील कर्बाच्या विसरणाच्या, म्हणजे धातूतून सरकत पसरण्याच्या, ऊर्जेशी जुळली. म्हणून विसरण हीच सर्वांत संथ पायरी, असे त्यांनी म्हटले. कण आधाराला, म्हणजे ज्यावर तो बसला आहे त्या पदार्थाला, घट्ट चिकटलेला नसेल तर तो तंतूच्या टोकावर उचलला जातो, घट्ट असेल तर मुळाशी राहतो, आणि तंतूची जाडी बहुतांशी कणाच्या आकारावर ठरते. या चित्रात पुढे दुरुस्त्या झाल्या. बेकर यांनी कर्ब सरकण्याचे कारण म्हणून कणाच्या दोन बाजूंच्या तापमानातील फरक धरला होता, कारण अ‍ॅसिटिलीन तुटताना उष्णता बाहेर पडते. पण मिथेन तुटताना उष्णता शोषली जाते आणि तरीही तंतू उगवतात, म्हणून आता कर्बाच्या सांद्रतेतील फरक हे कारण अधिक पटणारे मानले जाते. २००४ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी निकेलवर मिथेनपासून वाढणाऱ्या तंतूची अणुपातळीवरील दृश्ये टिपली. त्यात निकेलचा कण घन स्फटिक असूनही तंतूच्या आत रबरासारखा लांबट ताणला जातो, आणि एका क्षणी झटक्याने परत गोल होतो, असे दिसले. त्या निरीक्षणांवरून त्यांनी विसरण कणाच्या पोटातून होण्याऐवजी पृष्ठभागावरून होत असावे, असे मांडले. तुमच्या कामासाठी यातील वाद महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की कण कर्ब एका ठराविक वेगानेच पचवू शकतो.

गुऱ्हाळावर उसाचा चरक पाहिला असेल, तर त्यात दोन-तीन कांडी एका वेळी सारतात. कोणी घाईने अख्खी मोळी लावली तर रस जास्त निघत नाही, चरक तुंबतो आणि तो उलटा फिरवून चोथा काढण्यात अर्धा तास जातो. निकेलच्या कणाचे असेच होते, एवढाच फरक की त्याला उलटे फिरवता येत नाही. कर्ब येण्याचा वेग जाण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की पुढच्या अंगावर कर्बाचे कवच चढते, अ‍ॅसिटिलीनला धातू दिसेनासा होतो आणि कण कायमचा मरतो. वायूत हायड्रोजन मिसळण्याचे एक मोठे कारण हेच आहे: कवच चढू लागताच तो त्यातील कर्ब पुन्हा वायुरूपात नेतो आणि पुढचे अंग उघडे ठेवतो.

तुमच्या प्रयोगात कणापुढे किती कर्ब वाढून ठेवला होता ते मोजू. मिनिटाला ५० मिलिलिटर म्हणजे तासात ३ लिटर अ‍ॅसिटिलीन. सामान्य तापमानाला एक मोल वायू सुमारे २४.५ लिटर भरतो आणि अ‍ॅसिटिलीनच्या एका मोलमध्ये २४ ग्रॅम कर्ब असतो, म्हणजे तुम्ही भट्टीत जवळजवळ ३ ग्रॅम कर्ब पाठवला. पट्टीवर निकेल होते सुमारे ६ मिलिग्रॅम. चांगला उत्प्रेरक स्वतःच्या धातूच्या शंभरपट आणि त्याहूनही जास्त कर्ब तंतूंच्या रूपाने देऊ शकतो, पण त्यासाठी त्याला बारीक कणांत विभागलेले, क्षपित केलेले (ऑक्साइडमधील ऑक्सिजन काढून धातू केलेले) आणि जिवंत असावे लागते. तुमच्या पट्टीवरील निकेल यांपैकी काहीच नव्हते.

थेंब वाळतो तेव्हा चहाच्या कपाला काठावर जसे कडे उरते तसे क्षार काठाकडे साचतात आणि मध्ये जवळजवळ काहीच राहत नाही. त्या कड्यातील जाड थर तापल्यावर निकेल ऑक्साइड होते आणि हायड्रोजन नसल्याने त्याचे क्षपण अ‍ॅसिटिलीनवर सोपवले गेले, म्हणजे धातू तयार होणे आणि त्यावर काजळी चढणे एकाच वेळी सुरू झाले. त्यात तापमान ८५० अंश. धातूच्या वितळणबिंदूच्या, केल्विनमध्ये मोजल्यास, साधारण निम्म्या तापमानाला त्याचे अणू पुरेसे चळवळे होतात आणि लहान कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात. निकेलचा वितळणबिंदू १४५५ अंश, म्हणजे १७२८ केल्विन. त्याचा निम्मा ८६४ केल्विन, म्हणजे ५९१ अंश. याच्या २५० अंश वर, उघड्या क्वार्ट्झवर, धरून ठेवणारा आधार नसताना, काही नॅनोमीटरचे कण काही नॅनोमीटरचे राहतील अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. मायक्रोमीटरच्या घरातील गाठींवर तंतू उगवत नाहीत. त्या फक्त काळ्या होतात.

पण गोळे आले कोठून? ते निकेलवर झालेलेच नाहीत, ते वायूतच तयार होऊन पट्टीवर पडलेले आहेत. तुमच्या नळीचा छेद १९.६ चौरस सेंटिमीटर आहे, आणि तापलेला भाग ३० सेंटिमीटरचा धरला तर त्याचे आकारमान सुमारे ५९० मिलिलिटर होते. मिनिटाला २०० मिलिलिटर थंड वायू ८५० अंशांवर फुगून साधारण ७५० मिलिलिटर होतो. म्हणजे अ‍ॅसिटिलीनचा प्रत्येक रेणू त्या उष्णतेत सरासरी ४७ सेकंद घालवतो. एवढ्या वेळात चौथा हिस्सा अ‍ॅसिटिलीन असलेल्या वायूला उत्प्रेरकाची गरजच उरत नाही, तो स्वतःच जुळत जाऊन आधी बेंझिन, नॅफ्थलीन यांसारखी वलये आणि शेवटी काजळीचे गोळे तयार करतो. नळीच्या थंड टोकाला पिवळा-तपकिरी चिकट थर आणि डांबरगोळीसारखा वास आला होता का, हे आठवून पाहा. आला असेल तर हे निदान पक्के समजावे. तो थर उघड्या हाताने पुसू नका, त्यातील काही संयुगे कर्करोगकारक आहेत.

तर पुढच्या वेळी काय करावे. पट्टी सोडून द्या आणि पूडरूपातील आधार घ्या. ९.५ ग्रॅम गॅमा-अ‍ॅल्युमिनावर (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र पुडीवर) अर्धा ग्रॅम निकेल बसवण्यासाठी सहा पाण्यांच्या (स्फटिकात पाण्याचे सहा रेणू असलेल्या) निकेल नायट्रेटचे सुमारे २.५ ग्रॅम लागतात. ते अ‍ॅल्युमिना शोषून घेईल एवढ्याच ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून थोडेथोडे टाकत ढवळा, पुडीला ओलसर वाळूसारखा पोत येऊ द्या, पाणी वर तरंगू देऊ नका. रात्रभर ११० अंशांवर वाळवा आणि ४०० अंशांवर ३ तास हवेत भाजा. भाजताना तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा, म्हणून हे काम धुराच्या कपाटातच करावे. भाजण्याचे तापमान ‘आणखी बरे’ म्हणून ८०० अंशांवर नेऊ नका. तिथे निकेल अ‍ॅल्युमिनाशी संयोग पावून स्पिनेल हे घट्ट मिश्र ऑक्साइड बनते आणि मग त्याचे क्षपण सहजासहजी होत नाही. पावसाळ्यात निकेल नायट्रेट हवेतील ओल ओढून बाटलीतच पाणी सुटल्यासारखे होते, तेव्हा वजन केलेले २.५ ग्रॅम खरोखर २.५ ग्रॅम नसतात. बाटली डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावी. शेवटी तंतूंतून आधार काढून टाकायचा असेल तर अ‍ॅल्युमिनाऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइड घेणे सोयीचे पडते, कारण ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते आणि त्याच धुण्यात उघडे निकेलही बरेचसे निघून जाते. तंतूच्या आत बंद झालेला कण मात्र आम्लाने निघत नाही.

बोट स्टीलची नको, पोर्सेलीन किंवा अ‍ॅल्युमिनाची घ्या. तीत ५० मिलिग्रॅम उत्प्रेरक पातळ पसरा आणि बोटीसह वजन ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजून लिहून ठेवा. थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारेचे) आवरण धातूचे असेल तर तेही उत्प्रेरकाचे काम करते हे ध्यानात ठेवून ते शक्यतो नळीच्या बाहेर लावा. महाविद्यालयात शुद्ध हायड्रोजनचा सिलिंडर ठेवण्याची परवानगी मिळवण्यात वर्ष जाऊ शकते; त्याऐवजी ५ टक्के हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन घ्या. हे मिश्रण हवेत पेट घेण्याच्या मर्यादेखाली असते आणि आपल्या कामाला पुरते. त्यात ५५० अंशांवर तासभर क्षपण करा, मग ६५० अंशांवर नेऊन त्याच मिश्रणाच्या ३९० मिलिलिटर प्रवाहात अ‍ॅसिटिलीन फक्त १० मिलिलिटर सोडा, तेही अर्धा तासच. या हिशेबात एकूण कर्ब ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त जाऊच शकत नाही आणि वायूचा उष्णतेतील काळ अर्ध्या मिनिटाच्या आत येतो. २५ मिलिमीटरची नळी मिळाली तर त्याच प्रवाहात तो काळ चौथाईवर येईल, म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर कोबाल्टवर न खर्चता नळीवर खर्चा.

या सगळ्याच्या आधी एक कोरी फेरी करा: तीच बोट, तेच तापमान, तेच वायू, आणि उत्प्रेरक नाही. बोट पांढरी राहिली तर पुढे जा. काळी झाली तर निकेलला हात लावण्याचे कारण नाही, आधी अ‍ॅसिटिलीन कमी करा किंवा तापमान उतरवा. ही फेरी कंटाळवाणी आहे म्हणून बहुतेक जण ती टाळतात, आणि मग काजळीची छायाचित्रे काढण्यात सूक्ष्मदर्शकाचे शुल्क घालवतात. कोरी फेरी साधली की ६००, ६५० आणि ७०० अशा तीन तापमानांवर, बाकी काहीही न बदलता, वजनवाढ मोजा. तुमच्या भट्टीतील दर्शक आणि बोटीजवळचे खरे तापमान यांत २०-३० अंशांचा फरक असणे नेहमीचे आहे, त्यामुळे माझा ६५० हा आकडा तुमच्याकडे ६३० किंवा ६७० निघू शकतो.

वायूंबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे अ‍ॅसिटिलीन येते ते बहुधा वेल्डिंगच्या दुकानातून. ज्याला बाजारात डीए सिलिंडर म्हणतात, त्यात अ‍ॅसिटिलीन सच्छिद्र भरावातील अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेले असते. सिलिंडर आडवा ठेवला किंवा दाब उतरत आला की वायूबरोबर अ‍ॅसिटोनची वाफ जास्त येते, आणि सकाळी चाललेला प्रयोग संध्याकाळी का बिघडला याचे कारण अनेकदा तिथे असते. कॅल्शियम कार्बाइडपासून केलेल्या अ‍ॅसिटिलीनमध्ये फॉस्फिन आणि हायड्रोजन सल्फाइड यांचा अंशही असतो. लसणासारखा जो वास येतो तो या अशुद्धतेचा, शुद्ध अ‍ॅसिटिलीनचा नव्हे. फॉस्फरस आणि गंधक निकेलच्या पृष्ठभागाला घट्ट धरून बसतात. गंधकाचे गणित विचित्र आहे. अगदी थोडे असेल तर ते वाढीला मदत करते, म्हणूनच फेरोसीन या लोहाच्या संयुगाची वाफ सोडून तंतू वाढवणाऱ्या पद्धतीत मुद्दाम थायोफीन हे गंधकाचे संयुग मिसळतात; थोडे जास्त झाले की कण मरतो. हे ‘थोडे’ आपल्या हाती नसताना ते काढून टाकणे बरे. वाटेत सक्रिय कोळशाची नळी बसवा आणि सिलिंडर उभा ठेवा. घरगुती गॅसमध्ये वासासाठी मर्कॅप्टन हे गंधकाचे संयुग घातलेले असते, त्यामुळे ‘गॅस स्वस्त पडेल’ या सल्ल्याकडेही सावधपणे पाहा.

सिलिंडर नकोच असेल तर देवघरात पाहा. कापराच्या रेणूत कर्बाचे १० अणू आणि ऑक्सिजनचा एकच अणू असतो, वजनाच्या हिशेबाने त्याचा जवळजवळ ७९ टक्के भाग कर्ब असतो, आणि तो २०४ अंशांवर उकळतो. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शरण यांनी कापरापासून कर्बाचे निरनिराळे प्रकार मिळवण्यावर दीर्घकाळ काम केले, आणि पुढे जपानमध्ये मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनी त्यापासून नॅनोनलिका (कर्बाच्या अतिबारीक पोकळ नळ्या) वाढवल्या. नळीच्या अलीकडच्या, कमी तापलेल्या भागात कापराची बोट ठेवली की वाफ नायट्रोजनबरोबर पुढे जाते. दोष एवढाच की वाफेचा वेग काट्यावर ठरवता येत नाही, सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी जातो. शिवाय पूजेच्या दुकानातील वडीत भेसळ असू शकते. मी असतो तर पहिल्या फेऱ्या अ‍ॅसिटिलीनवर करून, उत्प्रेरक चांगला आहे याची खात्री पटल्यावर कापराकडे वळलो असतो.

आता धोक्याचे. अ‍ॅसिटिलीनच्या वाटेत तांब्याची नळी कोठेही नको, कारण तांब्याशी त्याचे स्फोटक संयुग तयार होते. स्टीलची नळी घ्या आणि रेग्युलेटरनंतरचा दाब १ बारच्या बराच खाली ठेवा. ज्वलनशील वायू सोडण्यापूर्वी नळीतील हवा पूर्ण जायला हवी. मीटरभर लांबीच्या तुमच्या नळीचे आकारमान सुमारे २ लिटर आहे, म्हणजे मिनिटाला २०० मिलिलिटरने एकदा भरण्यास १० मिनिटे लागतात, आणि पाच आकारमाने घालवायची तर ५० मिनिटे. पाच मिनिटे नायट्रोजन सोडला आणि झाले, असे चालत नाही. पुढे कधी कर्बाचा स्रोत म्हणून कार्बन मोनॉक्साइड वापरलात तर निकेलबरोबर तो थंड होऊ देऊ नका. दोनशे अंशांच्या खाली निकेल कार्बोनिल हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. भट्टी नेहमी निष्क्रिय वायूतच थंड करावी, आणि नळी पूर्ण निवल्याशिवाय उघडू नये, कारण बारीक धातू असलेली गरम पूड हवा लागताच धुमसू लागते.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगतो. नळीच्या शेवटी मी पाण्याची बाटली लावली होती, बुडबुडे मोजता यावेत म्हणून. रात्री वीज गेली, विद्युत झडपा बंद झाल्या, वायूचा प्रवाह थांबला आणि भट्टी निवू लागताच नळीतील वायू आकसला. बाटलीतले पाणी उलटे वर चढत गेले आणि लाल तापलेल्या भागाजवळ पोहोचले. मोठा आवाज झाला आणि सकाळी पाहिले तर वाफेच्या धक्क्याने सुटलेली टोपी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडलेली होती. त्या वेळी खोलीत कोणी नव्हते, हे नशीब. तेव्हापासून नळी आणि पाण्याची बाटली यांच्यामध्ये मी एक रिकामी बाटली ठेवतो, जी पाण्याच्या बाटलीहून मोठी असते, आणि नायट्रोजन विजेवर न चालणाऱ्या साध्या रोटामीटरमधून (प्रवाह दाखवणाऱ्या काचनळीतून) घेतो, म्हणजे वीज गेली तरी तो वाहत राहतो. हाताने बंद होणारी एक झडप अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरपाशीच हवी. वीज गेल्यावर धूर ओढणारा पंखाही थांबतो, तेव्हा आधी ती झडप बंद करून मगच बाहेर पडायचे.

भट्टी उघडल्यावर सूक्ष्मदर्शकाकडे धावण्याआधी काही साध्या गोष्टी पाहता येतात. वजनवाढ कोऱ्या फेरीपेक्षा किती जास्त आहे हे पहिले. दुसरे म्हणजे आकारमान: तंतू उगवले असतील तर बोटीतील पूड फुगून कडेच्या वर येते आणि चिमट्याने उचलल्यास नमद्यासारखा तुकडा एकत्र उचलला जातो, काजळी मात्र उचलताच विस्कटते आणि हातमोज्यावर पसरते. तिसरे, कुपीबाहेर चुंबक फिरवा. टोकावर निकेल असलेले तंतू चुंबकाकडे झुकतात आणि उभे राहतात; न उगवलेला उत्प्रेरकही ओढला जातो, त्यामुळे ही खूण एकटी पुरेशी नाही, पण फुगलेला काळा गुंता अख्खा चुंबकामागे सरकत असेल तर खूश होण्यास हरकत नाही. हे सगळे मुखपट्टी आणि हातमोजे घालून करावे, निकेलची संयुगे फुप्फुसांत जाणे बरे नव्हे. शिवाय हा कापूस वीजवाहक आहे. पंख्याच्या वाऱ्याने उडालेले काही तंतू माझ्या तराजूच्या आतील इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीवर बसले आणि ती निकामी झाली. दुरुस्ती करणाऱ्याला ब्रशने काढलेली ती काळी धूळ काय आहे हे समजावून सांगण्यात मला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला.

नमुना कोल्हापूरला सूक्ष्मदर्शकासाठी पाठवाल तेव्हा परत विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांचे चित्रही मागा. त्यात जड निकेल उजळ आणि कर्ब गडद दिसतो, म्हणून तंतूच्या टोकावर पांढरा ठिपका आहे की मुळाशी, हे लगेच समजते. ठिपक्याचा व्यास आणि तंतूची जाडी किमान पन्नास ठिकाणी मोजून शेजारी शेजारी लिहा. तंतूची जाडी ठिपक्यापेक्षा बरीच जास्त भरली तर याचा अर्थ तंतू आधी उगवला आणि नंतर त्याच्या अंगावर वायूतील कर्ब थराथराने बसत गेला, जसे झाडाच्या खोडात वर्षागणिक कडे वाढते. मायक्रोमीटरभर जाडीचे तंतू मुद्दाम याच रीतीने करतात, पण तुमच्या कामात ते अ‍ॅसिटिलीन अजून जास्त असल्याचे चिन्ह आहे. याही वेळी नळीत कोठे कडेला लव धरलेली दिसली तर ती पुसू नका, चिमट्याने काढून वेगळ्या कुपीत ठेवा आणि नमुन्याच्या त्याच तबकडीवर शेजारी चिकटवून पाठवा.